विमावाल्या दीदी

दीदी विमा एजंट नव्हत्या. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण आमच्या इमारतीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाचा तसाच समज व्हायचा. त्या एका सरकारी ऑफिसातून सुपरिंटेंडेंट होऊन रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वय पासष्टच्या पुढचं असलं तरी कोणी आंटी म्हटलेलं त्यांना चालत नसे. दूधवाल्यापासून सोसायटीच्या अध्यक्षापर्यंत सगळे त्यांना दीदीच म्हणत. पाठीमागे मात्र ‘बीमेवाली दीदी’.

रायपूरच्या बुढापारा भागात, तलावापासून जवळच आमची ही इमारत. माझ्या सासऱ्यांची सगळी हयात पुरानी बस्तीतल्या भाड्याच्या घरात गेली. आम्ही कर्ज काढून इथे फ्लॅट घेतला तेव्हा सासूबाईंनी वास्तुपूजनाला भंडाऱ्यापासूनचे सगळे नातेवाईक बोलावले. लोकांनी भिंतीवरची घड्याळं आणली, गणपती आणले, डिनर सेट आणले. तितक्यात जांभळ्या साडीतल्या एक बाई जिना चढून आल्या. त्यांच्या हातात आग विझवायचा लाल सिलिंडर होता आणि त्याच्या मानेला जरीचा गोटा लावलेली रिबीन बांधलेली होती.

“घे,” त्या मला म्हणाल्या. “स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांग. गॅसच्या वर नको टांगू. आग लागल्यावर तिथं हात पोचत नाई.”

सासूबाईंचा चेहरा पडला. “अहो बाई, शुभ दिवशी हे काय आणलं?”

“मावशी, घड्याळं किती आली?”

“आली असतील पाच-सहा.”

“त्यातलं एक तरी आग विझवते का?”

एवढं बोलून त्या प्रसादाला बसल्या. दोनदा पुरणपोळी मागून घेतली आणि जाताना माझ्या नवऱ्याला विचारलं, “भाऊ, घराचा विमा काढला का?”

“हो ना दीदी. लोन घेतलं तेव्हाच बँकेने काढून दिला.”

“बरं. उद्या कागद दाखवा.”

आम्हाला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हटलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसत त्या दारात हजर. कागद हातात घेतले आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागल्या. पुस्तक उलटं वाचल्यासारखं त्या पानं मागे मागे उलटत गेल्या. पहिल्या पानाशी पोचल्यावर चष्मा काढला.

“भाऊ, हा घराचा विमा नाई. हा तुमचा विमा हाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही गेले, तर कर्ज फिटते. घर जळलं अन् तुम्ही राहिले, तर तुम्ही बी राहता अन् कर्ज बी राहते.”

सासूबाई देवघरातून ओरडल्या, “शिव शिव शिव! सकाळच्या पारी काय बोलून राहिल्या ह्या!” दीदींनी तिकडे लक्षही दिलं नाही. माझ्या नवऱ्याने मात्र ते कागद परत परत पाहिले. ज्या कागदांच्या भरवशावर तो इतके दिवस निर्धास्त होता, त्यांत घराच्या एका विटेचाही उल्लेख नव्हता.

मग आमची शिकवणी सुरू झाली. शिकवणीच म्हणते, कारण दीदींनी आमच्यासाठी पॉलिसी निवडली नाही. निवडायची आम्हीच, त्या फक्त डोकं खायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या बैठकीच्या भिंतीवर टकटक केलं.

“ही कोणाची?”

“आमची,” मी म्हणाले.

“चूक. भिंत सगळ्या इमारतीची. तिच्यावरचा रंग तुझा. खालचा स्लॅब सगळ्यांचा, वरची फरशी तुझी. लिफ्ट, जिना, टाकी सगळ्यांची. सोसायटीच्या विम्यात सांगाडा येते. अंगावरचे कपडे ज्याचे त्यानं घालाचे.”

मग रक्कम किती लिहायची यावर वाद झाला. नवरा म्हणाला, फ्लॅट जेवढ्याला घेतला तेवढ्याचा काढू, हिशोब सोपा.

“त्या किमतीत जमीन हाय, बिल्डरचा नफा हाय, तलावाकडून येणारी हवा हाय,” दीदी म्हणाल्या. “यातलं काय जळते? उद्या हे पुन्हा बांधाले जेवढं लागन, तेवढ्याचा काढा. जास्तीचा काढून जास्ती मिळत नाई, फुकट हप्ता जाते. अन् कमीचा काढला तर रडाची पाळी.”

घरातल्या सामानाचा प्रश्न आला तेव्हा नवऱ्याने फ्रिज, टीव्ही, पलंग एवढं म्हणून हात झटकले. दीदींनी त्याच्या हातातला मोबाइल घेतला, व्हिडिओ सुरू केला आणि सासूबाईंकडे वळवला.

“मावशी, आपल्या सामानाची ओळख करून द्या.”

“मी? मले नाई जमत.”

“पाहुण्यांले सून दाखवता तसं दाखवा.”

सासूबाई आधी लाजल्या. मग शिलाई मशीनजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “हे मशीन. मोठ्या पोट्ट्याच्या वेळी घेतलं. ह्याच्यावर मी साऱ्या मोहल्ल्याचे ब्लाऊज शिवले.” मग त्यांना थांबवणं कठीण झालं. पितळी पिंप, मिक्सर, दिवाण, त्याच्या पोटातल्या गाद्या, लेकीने दिलेला कुकर, भिंतीतली कपाटं, सगळ्यांची ओळख झाली. कोणती वस्तू कधी आली, कोणी आणली, तेव्हा घरात कोण होतं, हे सगळं त्या मोबाइलकडे बघून सांगत होत्या. मी लग्न होऊन इतकी वर्षं त्या सामानात वावरत होते, पण दिवाण सासऱ्यांनी पहिल्या बोनसमधून घेतला होता हे मला त्या दिवशी कळलं. व्हिडिओ संपला तेव्हा सासूबाईंचा चेहरा उजळला होता. “आपल्या घरी बरंच काही हाय बापा,” त्या म्हणाल्या. दीदींना त्या दिवसापासून त्यांच्याकडून लोणचं जाऊ लागलं.

पॉलिसी आम्ही घेतली ती घर आणि सामान दोन्हींची. त्यात आमच्या नळातून पाणी गळून खालच्या घराचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देण्याची सोय होती, आणि घर राहण्याजोगं उरलं नाही तर काही महिने भाड्याच्या घराचा खर्च होता. जुनी वस्तू जळाली तर तशी नवी घेता येईल असा पर्याय होता, तो घ्या असं दीदींनी तीन वेळा बजावलं. दागिन्यांसाठी वेगळं काढायचं की नाही ते आमच्यावर सोडलं. रोख पैसे घरात ठेवू नका, ते कोणी भरून देत नाही, हेही सांगितलं. आणि लग्नाला म्हणून महिनाभर नागपूरला जाऊन बसाल तर कंपनीला आधी कळवा, बंद घराचा नियम निराळा असतो.

ती पॉलिसी विकायला आलेला एजंट हा दीदींचा आवडता बळी होता. तो बिचारा रंगीत पत्रक काढून ‘हम ये देंगे, वो देंगे’ म्हणत सुरू व्हायचा. दीदी हात वर करायच्या.

“भैया, देने का बाद में पढ़ना. जो नहीं देने वाले हो, पहले वो पढ़ो.”

आणि त्याला समोर बसवून, भोवती आम्हाला गोळा करून, बारीक अक्षरातला मजकूर मोठ्याने वाचायला लावायच्या. एका ठिकाणी तो अडखळला आणि म्हणाला, “दीदी, इसका मतलब मुझे भी नहीं मालूम.” तर त्यांनी त्याला तिथूनच ऑफिसला फोन करायला लावला. त्यानंतर तो आमच्या इमारतीत आला की लिफ्टनेच जायचा, कारण जिन्यात दीदी भेटण्याची भीती असे.

दीदी लिफ्ट वापरत नव्हत्या. रोज सकाळी खालपर्यंत उतरायच्या आणि प्रत्येक मजल्यावर थांबून हवा हुंगायच्या. गॅसचा वास, वायर तापल्याचा वास, दूध उतू गेल्याचा वास त्यांना वेगवेगळा ओळखू यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते नेहमी खरं ठरायचं असं नाही. एकदा नवरात्रात तिसऱ्या मजल्यावरच्या घरी हवन चाललं होतं. दारातून धूर येताना पाहून दीदी सिलिंडर घेऊन आत शिरल्या आणि पुजाऱ्यासकट सगळ्या कुंडावर पांढरी भुकटी मारली. हलव्याच्या प्रसादाचं पातेलंही त्यात गेलं. त्या घरची मंडळी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाहीत. दीदींनी माफी मागितली नाही. “हवन हाय, हे ग्रुपवर टाकाले काय झालं होतं?” एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः हलवा करून तिकडे पाठवला. तो इतका गोड झाला होता की त्यांनी तो शिक्षा म्हणून पाठवला असावा, असा तिथल्या सुनेचा संशय होता.

इमारतीच्या ग्रुपवर सकाळी सगळे गुलाबाची फुलं टाकायचे. दीदी वितळलेल्या प्लगचे फोटो टाकायच्या. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा जवळ आला, की कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत लोक कांदा, कैरीचं पन्हं यांच्या गोष्टी करतात. दीदींचा मेसेज यायचा: “नवतपा लगने वाला है. कूलर, एसी के तार देख लें. मीटर के पास गद्दा किसका पड़ा है?” गादी कोणाची ते सगळ्यांना ठाऊक असे, पण बोलत कोणी नसे.

सोसायटीच्या मीटिंगमधली एक गोष्ट अजून आमच्याकडे सांगतात. इमारतीचा सामायिक विमा होता, पण तो इमारत नवी असताना काढलेला, तेव्हाच्याच रकमेचा. दीदींनी तो वाढवायची मागणी केली. अध्यक्ष होते सेठजी, त्यांचं गुढियारीत हार्डवेअरचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण हप्ता वाढणार म्हटल्यावर त्यांनी वर बोट केलं.

“दीदी, इतना क्यों डरना? ऊपरवाला बैठा है ना.”

“मैं चौथी मंज़िल पर रहती हूँ, सेठजी,” दीदी म्हणाल्या. “मेरे ऊपर तो पानी की टंकी है.”

सगळी मीटिंग हसली, सेठजीही हसले, आणि ठराव पास झाला.

त्याच मीटिंगमध्ये दीदींनी दुसरा एक विषय काढला, आणि ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धीराचं काम होतं. पहिल्या मजल्यावर एक वहिनी राहत होत्या. अभनपूरकडच्या, छत्तीसगढी. नवरा गाडी चालवायचा, बाहेरगावी फेऱ्या असायच्या. वहिनी घरून जेवणाचे डबे पुरवायच्या. सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघरात मोठाल्या शेगड्या पेटलेल्या असायच्या. त्या बोलायला इतक्या भिडस्त, की जिन्यात समोर आल्या तर भिंतीला टेकून वाट द्यायच्या. दीदींनी त्यांच्या मागेही विम्याचा तगादा लावला होता. एजंटने वहिनींना सांगितलं, डब्यांचं काही लिहू नका, साधं राहतं घर लिहा, हप्ता कमी बसेल. वहिनींनाही ते बरं वाटलं. त्यांना हप्त्यापेक्षा वेगळीच धास्ती होती.

“लिखा देबो त सब झन जान जाहीं,” त्या दीदींना म्हणाल्या. लिहून दिलं तर सगळ्यांना कळेल, आणि फ्लॅटमध्ये धंदा करते म्हणून सोसायटी डबे बंद करायला लावेल.

“अन् नाही लिखाया, और आग लग गई,” दीदी म्हणाल्या, “तो कंपनी वाला सबसे पहले यही चूल्हे देखेगा. बोलेगा, तुमने छुपाया. फिर न घर का मिलेगा, न चूल्हे का.”

वहिनी रडायला लागल्या. दोन्ही बाजूंनी अडकल्यासारखं झालं होतं. मी तेव्हा तिथे होते आणि मलाही वाटलं होतं, कशाला या बाईच्या पोटावर पाय आणता? मी तसं दीदींना म्हटलंसुद्धा.

“पोटावर पाय मी देऊन राहिली का?” त्या माझ्यावर उसळल्या. “ते लपून राहून राहिली. रोजचा स्वयंपाक करून लपून राहते! कोणाचं चोरलं तिनं?”

तर त्या मीटिंगमध्ये, विमा वाढवण्याचा ठराव झाल्याबरोबर, दीदी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पहली मंज़िल से जिसके यहाँ डिब्बा आता है, वो हाथ उठाए.”

कोणी हात उठवेना. मग तिसऱ्या मजल्यावरच्या, हवनवाल्या घरच्या, आजोबांनी हात वर केला. म्हणाले, बहू नौकरी पे जाती है, दोपहर का वहीं से आता है. मग मी केला. मग एकेक करत बरेच हात वर गेले. दीदी सेठजींकडे पाहत राहिल्या. सेठजींच्या दुकानातल्या माणसांचा डबाही तिथूनच जायचा. शेवटी त्यांनीही हात वर केला, जरा खाली, खांद्याएवढाच.

“तो सोसायटी लिख के दे दे कि कोई आपत्ति नहीं,” दीदी म्हणाल्या, आणि बसल्या.

सोसायटीने हरकत नसल्याचं लिहून दिलं, फक्त गॅसची टाकी नियमाने ठेवायची आणि जिन्यात सामान ठेवायचं नाही या अटीवर. वहिनींनी घराचा एक विमा काढला आणि डब्यांच्या धंद्याचा, शेगड्या-भांड्यांसाठी, दुसरा छोटा. हप्ता थोडा जास्त बसला. व्हिडिओ काढायला दीदींबरोबर मी गेले होते. वहिनी एकेका वस्तूला हात लावायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. नावं दीदींनाच सांगावी लागली.

आग लागली ती नवतप्यातच, भर दुपारी. खालच्या मीटरच्या पेटीत काहीतरी झालं आणि तिथून ती वायरींबरोबर वर चढली. त्या वायरींची जागा नेमकी वहिनींच्या स्वयंपाकघराच्या भिंतीमागे. मी रजेवर घरीच होते. आधी वीज गेली, मग एक घाण वास आला, आणि मग जिन्यातून दीदींचा आवाज. तसा आवाज मी परत कधी ऐकला नाही. “लिफ्ट नको! जिन्यानं! ओलं कापड तोंडावर!” त्या प्रत्येक मजल्यावर दार बडवत खाली उतरत होत्या. सासूबाईंना धरून मी खाली आणलं. आमच्या मजल्यावरच्या एकाने आमचाच लाल सिलिंडर उचलून पहिल्या मजल्याकडे धाव घेतली, पण तोवर धुरात आत जाता येत नव्हतं. वहिनी डबे पोचवायला बाहेर गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. दीदी रस्त्यावर उन्हात उभ्या राहून एकेका घराचं नाव घेत होत्या आणि त्या घरचं माणूस ‘हव’ म्हणेपर्यंत पुढच्या घराकडे जात नव्हत्या. फायर ब्रिगेड आली. कोणालाही इजा झाली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजोबांना दीदींनी रस्त्यावर स्वतःच्या पदराने वारा घातला, आणि त्यांची सून दीदींच्या गळ्यात पडून रडली.

पैसे मिळाले, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. आमच्याकडे धुराने काळ्या झालेल्या भिंती, जळलेलं वायरिंग, बंद पडलेला फ्रिज यांचे मिळाले. सोसायटीला मीटरच्या जागेचे आणि जिन्याचे मिळाले. वहिनींचं स्वयंपाकघर पूर्ण गेलं होतं. त्यांना घराच्या विम्यातून घराचं, दुसऱ्या विम्यातून धंद्याचं, आणि घर नीट होईपर्यंत मागच्या गल्लीत घेतलेल्या खोलीचं भाडं मिळालं. त्या खोलीतून त्यांनी डबे पुन्हा सुरू केले. पिठाच्या डब्यात ठेवलेल्या नोटा मात्र गेल्या त्या गेल्या. दीदींनी सांगितलं होतंच. काही कागदांसाठी चकरा माराव्या लागल्या, आणि त्या सगळ्या चकरांना दीदी छत्री घेऊन बरोबर होत्या. दीदी गेल्या वर्षी पावसाळ्यात गेल्या, झोपेतच. त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटचा विमा त्यांनी इतकी वर्षं भरला, त्यातून एक पैसा कधी मागायची वेळ आली नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. परीक्षेत पहिली आल्यासारखं सांगायच्या.

आज आमच्या इमारतीत एकही घर बिनविम्याचं नाही. कोणी नवीन राहायला आलं की आम्हीच त्याला भिंतीवर टकटक करून दाखवतो. रायपुरात इमारती पुष्कळ झाल्या, उंच, पोहण्याचे तलाव असलेल्या. पण आमच्यासारखी इमारत नाही, असं मी उघड म्हणते.

मला सांगायचं आहे ते नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला त्या दिवसाचं.

आग विझून दोनच दिवस झाले होते. पहिल्या मजल्यावर पाऊल ठेवलं की जळक्या तेलाचा वास यायचा. सर्व्हेअर मध्यमवयाचा, घामाने भिजलेला, त्या दिवशी आणखी कुठे कुठे जाऊन आलेला. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. आत सगळं काळं. छताचं प्लास्टर खाली पडलेलं, ओटा तडकलेला, त्याच्यावर वितळून चपटं झालेलं काहीतरी. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांचा नवरा बाहेर जिन्यात बसला होता. दीदी आणि मी दारात.

त्याने मोबाइलवर फोटो काढले. मग कपाळ पुसत, कोणाकडे न बघता तो म्हणाला, “ज़्यादा कुछ तो था नहीं यहाँ. चूल्हा-बर्तन ही था ना?”

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. दमलेला माणूस बोलतो तसं तो बोलला. पण मी दीदींकडे पाहिलं आणि घाबरले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आता ह्या याला उभा-आडवा घेणार, असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात वहिनी बोलल्या.

“रहिस,” वहिनी म्हणाल्या. होतं.

सर्व्हेअरने वळून पाहिलं.

“रहिस साहब. लिखव.” त्या भिंतीपासून सुटून पुढे आल्या आणि त्या काळ्या राखेत अनवाणी उभ्या राहिल्या. “ये मोर बड़े कड़ाही आय. पहिली कमाई के. ये जगह म दू ठन भट्ठी रहिस, ये डाहर पीसे के मशीन. ये आलमारी रहिस, मोर बाबू बनाय रहिस अपन हाथ ले. धंधा के आय, ये घर के आय, अलग-अलग लिखव. दूनो लिखाय हे.”

पहिल्या कमाईची मोठी कढई, इथे दोन भट्ट्या, तिकडे वाटायचं मशीन. हे धंद्याचं, ते घराचं, दोन्ही कागदावर लिहिलेलं आहे. त्यांच्या वडिलांनी हाताने बनवलेलं कपाट. जिन्यात भिंतीला टेकून वाट देणारी ती बाई जळक्या ओट्यावर हात ठेवून एकेक वस्तू तिच्या जागी परत उभी करत होती. सर्व्हेअरने जरा वेळ ऐकलं. मग बाहेरून एक स्टूल मागवलं, त्यावर बसला आणि लिहायला लागला. मध्ये एकदा म्हणाला, “धीरे, बहनजी. सब लिख रहा हूँ.” मोबाइलवरचा व्हिडिओ आम्ही त्याला नंतर दाखवला. तेव्हा त्याने नुसती मान हलवली, त्याचं जवळजवळ सगळं लिहून झालं होतं.

दीदी तेवढा सगळा वेळ एक शब्द बोलल्या नाहीत. दीदी आणि गप्प! त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

सर्व्हेअर गेल्यावर आम्ही दोघी वर गेलो. तीन मजले चढताना त्यांनी कुठेच थांबून हवा हुंगली नाही. घरात आल्यावर त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं पाणी ठेवलं. माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागल्या.

“गुढियारीले आमचं घर होतं. मालधक्क्याच्या मागं. बाबा हमालीतून रेल्वेत लागले होते. मी सातवीत असन. शेजारच्या कोळशाच्या वखारीले आग लागली अन् आमच्या घरांची सारी लाईन जळाली. साहेब आला पाहाले. आईले म्हणे, तुम्हारा था ही क्या इसमें?”

पाणी उकळायला लागलं होतं. त्यांनी गॅस बारीक केला.

“माझी आई बोलणारी बाई होती. मोहल्ल्यात तिच्या तोंडाले कोणी लागत नव्हतं. पण त्या दिवशी ते काईच बोलली नाई. खाली पाहत राहिली. तिचे चार लुगडे होते, बाबाची सायकल होती, माझी पुस्तकं होती, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. काई नाई सांगितलं तिनं. मले वाटे, मी सांगावं. पण माझी बी जीभ नाई उचलली.”

मी फळीवरचे दोन कप काढून त्यांच्या शेजारी ठेवले.

“आज ते बोलली,” त्या म्हणाल्या, आणि वळल्या. डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या, आणि ताठ उभ्या होत्या, सुपरिंटेंडेंट झाल्याच्या दिवशी उभ्या राहिल्या असतील तशा. “पाहिलं तू? कशी बोलली! मी मधात नाई पडली. मले वाटलं होतं पडावं. नाई पडली.”

मग त्या खाली बसल्या. ओट्याखाली कोपऱ्यात एक जुना पाटा-वरवंटा होता, एका बाजूने काळा पडलेला, कडेचा टवका गेलेला. त्यांनी तो पुढे ओढला, आल्याचा तुकडा त्यावर ठेवला आणि ठेचायला लागल्या. मिक्सर ओट्यावर होता, त्याचा विमाही होता. रडू आवरायचं म्हणून मी उगाच विचारलं, “दीदी, ह्या पाट्याचा विमा काढला का?”

“ह्याचा?” त्यांनी वरवंटा थांबवला आणि काळ्या बाजूवरून तळवा फिरवला. “ह्याचा कायले? हा तर जळून पाहिलेला हाय.”

आणि ठेचलेलं आलं बोटांनी गोळा करून त्यांनी चहात टाकलं.